तुह्या नावाची भेट

बोरी अरब,
दि. ६ जानेवारी २०२५

चि. संघदीप यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

इकडे सारे बरे. फोनवर बोललं का आई कान देऊन ऐकते, म्हणून लिहून राह्यली. खाणीत नोकरी लागल्यावर तू आईच्या फोनात तो शेतीचा गेम टाकून देल्ता ना, त्यानं वैताग आणला बाप्पा! पहिले सारं फुकट होतं. मग पिकाले पाणी द्याचं तर जाहिरात पाहा. मग खऱ्या पैशानं गेमातले हिरे विकत घ्या. आता दर महिन्याले पैसे भरून पास घ्या, नाहीतर उभं पीक कुलपात. एकदाच पैसे देऊन मोकळं होता येत असतं तर मी काहीच म्हटलं नसतं.

बंद कर म्हटलं तर म्हणते, पोरगा रोज सकाळी गेमात टोपलीभर भेट धाडते, त्याची टोपली रिकामी कशी वापस करू? शेजारणीची वाटीही ती चिमूटभर साखर टाकल्याशिवाय वापस देत नाही, तुले माहीतच आहे. म्हणून रोज हिरे घेऊन तुले परतभेट धाडते. त्यापायी गुडघ्याच्या गोळ्या आणणं बंद केलं तिनं. रात्रभर कण्हते. तू भेटी धाडणं थांबव राजा.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही ताई,
दीपा


राजूर,
दि. १३ जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुह्यं पत्र भेटलं. ताई, मी एकही भेट धाडली नाही. पोळ्यापासून तो गेम उघडलाच नाही. खाणीतली पाळी करून आलो का अंगात जीव राहत नाही, त्यात त्या गेमवाल्याईचं रोजचं 'घ्या, घ्या' कोण ऐकीन? तो गेमच माह्या नावानं भेटी धाडते. काल उघडून पाह्यलं, तर आईच्या टोपल्याईची रास लागलेली. अन् त्या उघडाले पास लागते!

खातं मिटवाले गेलो, पण हात थांबला. उद्या भेट नाही आली तर तिले वाटीन, पोरगा विसरला. तिनं मागे लाडू भरून देलेला डबाही इथं फळीवर रिकामा पडून आहे. रिकामा कसा नेऊ, या विचारात दर सुटीले येणं राहून गेलं. तूच सांग तिले, पण हळू सांग.

रागावली तरी आपलं म्हणत जा.
तुहा,
संघदीप


बोरी अरब,
दि. २० जानेवारी

चि. संघदीपले आईचा जय भीम अन् लाख आशीर्वाद.

दीपाच्या हातानं लिहून घेऊन राह्यली. तिनं सारं सांगतलं. पहिले त्या गेमवाल्याईले पोटभर शिव्या देल्या. मुडदे! माह्या पोराचं नाव सांगून मलेच लुटते. तरी मले वाटेच, हा पोरगा रोज टरबूजच काहून धाडते? तुले तर टरबूज पाहवत नाही.

गेम काढून टाकला, गोळ्या चालू केल्या. सकाळी हात अजून फोनकडे जाते, मग ठेवून देते. वाईट वाटते रे.

डबा रिकामाच आण. वाटीत साखर टाकून देतो ते शेजाऱ्याईले. तू काय शेजारी आहे?

वाट पाहणारी,
तुही आई तुळसाबाई