वॉर्डातल्या पोट्ट्यांची यादी

१२ जानेवारी
पोलीस ठाण्यात महिला दक्षता समितीची मीटिंग. वॉर्डातून मी एकटीच. जमादार केशवराव म्हने, अकोल्यात पोट्ट्यांच्या टोळ्या वाढल्या, तलवारीनं केक कापतात, मारामाऱ्या करतात. लोकं नुसत्या अफवा सांगतात. बाई, पक्की माहिती पायजे. म्हटलं, भेटली समजा. साऱ्या पोट्ट्याईले शाळेत मीच खिचडी वाढली. कोन कसा निंगते, ताटावरूनच समजते.

१४ जानेवारी
नळावर विचारलं. चतुराबाईनं चार नावं सांगितली, त्यात माह्या शिवमचं. म्हटलं, तोंड सांभाळ वं! नळावरची माहिती बंद.

१७ जानेवारी, दुपारी
माहिती घरातच होती. शिवम दिवसभर चौकात असते, त्याले सारं दिसते. विचारलं तं हसला. मंग सहा नावं लिहून देल्ली. त्यात शेजारच्या मैनाबाईचा गजेंद्र. म्हटलं, तो तं पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळते. शिवम म्हने, आई, पळायची प्रॅक्टिस कोनाले लागते? पटलं.

१८ जानेवारी
यादी देल्ली. केशवराव म्हने, कोनी सांगितलं? म्हटलं, खात्रीचा मानूस आहे.

२१ जानेवारी
साहीजन उचलले. केस लागली. मैनाबाई दारात येऊन बसली. मंगळवारी गजेंद्रचं भरतीचं ग्राउंड आहे, आता कोन उभं करते त्याले, म्हने. तुले माईत आहे का वं, नाव कोनं देलं? म्हटलं, नाही. चहा ठेवला. प्याली नाही.

२३ जानेवारी
चौकात शिवमच्या बड्डेचं फ्लेक्स लागलं. गॉगल लावून. खाली बारा पोट्ट्यांचे फोटो. यादीतला एकही नाही. संगत चांगली आहे.

२५ जानेवारी
केशवराव घरी आला. म्हने, बाई, तुमच्या यादीतले सारे मार खाल्लेले निंगाले. मारनारा एक बी नाही. यादी कोनाची ते लिहून द्या, गजेंद्रचं नाव आजच काढतो. मले समजते कोनाची ते, पन तुमच्या सहीनं पायजे.
म्हटलं, विचारून सांगतो.
खात्री नसताना मी कोनाचं नाव घेत नाही.

२७ जानेवारी
सकाळी ग्राउंड झालं. गजेंद्र नव्हता. मैनाबाईचं दार बंद.
शिवम दहाले उठला. म्हने, आई, आनखी नावं पायजेत का?
म्हटलं, आधी तोंड धू.