मुडद्याचं काम

उत्रोली

प्रिय गोरख,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. गेनूचा टेम्पो उद्या भाजी घेऊन पुण्याला जातोय, त्याच्याकडे देतेय. हातात दिल्याशिवाय माघारी यायचं नाही, असं बजावलंय त्याला. त्यानेच सांगितलं, की तुझा सिनेमा लोकांना मोबाईलवर दिसायचा, तो तू काढून टाकलास आणि आता मशीनमधलंही सगळं पुसून टाकणार आहेस. पुसायच्या आधी माझं एवढं वाच. मी या घरात आले तेव्हा तू सहावीत होतास, तुझा शेंबूड मी पुसलाय. तेव्हा धाकट्या दिरावर वहिनीचा एवढा हक्क धरतेय.

इकडे सगळं आहे तसं आहे. भात बरं झालं. म्हैस व्याली, रेडा झाला. आई जेवतात, पण तुझं नाव निघालं की ताट बाजूला सारतात. त्यांचं एकच पालुपद, त्या शिनेमानं माझं पोर खाल्लं. मी ऐकते आणि भांडी घासायला घेते. पहिल्यांदा वाटायचं, काहीतरी बोलावं. आता तेही वाटत नाही.

खरं सांगायचं तर तुझा सिनेमा होता तरी काय रे? आपलंच माजघर, आपलीच कौलं, भिंतीला काळं फासून म्हणे भुताचं घर. साखरेच्या पाकात लाल रंग कालवून तू बादलीभर रक्त केलंस, भोरच्या बाजारातून बोकडाची आतडी आणलीस. ती कुत्र्यानं पळवली, आणि तुझा तो केस वाढवलेला कॅमेरावाला वेशीपर्यंत त्याच्या मागं धावला. अख्खं गाव हसून लोळलं. नटाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून मुडद्याचं काम तू ह्यांना दिलंस. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नुसतं झोपून राहायचं काम देतंय, असं म्हणून हे किती खूष झाले होते! दोन दिवस मिशीला तेल लावत होते. मी म्हटलं, अहो, मुडद्याची मिशी कोण बघतंय.

आईंना मात्र ते रुचलं नाही. जित्या माणसानं मढ्याचं सोंग घ्यायचं म्हणजे काय! कावळा शिवल्यावर माणूस मेल्याची खोटी सांगी धाडतात, तशीच आता धाडली पाहिजे, रक्ताचं कुणीतरी मनापासून रडलं की बला टळते, असं त्यांनी धरूनच ठेवलं. आणि तूही हसत हसत विंझरला वन्संना फोन लावलास, आक्का, दादा गेला गं. बनाबाईवन्सं कशा आल्या आठवतंय ना? ओढ्यापासून हंबरडा ऐकू येत होता, पायात चप्पल नाही. दारात बघतात तर हे गळ्याला रक्त फासून चहात बटर बुडवून खातायत. आधी त्यांनी ह्यांच्या पाठीत धपाटे घातले, मग गळ्यात पडून पुन्हा रडल्या. संध्याकाळी मटणाला बसल्यावर म्हणाल्या, व्हय रं धनाजी, मेल्यावर बी मलाच रडाया लावशील का? हे म्हणाले, आगाऊच रडून घेतलंस की, आता सुटलीस.

पुढं भाताच्या झोडणीच्या दिवशी हे खळ्यावर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. टेम्पोतून आणलं आणि माजघरात ठेवलं, तुझा कॅमेरा लावला होता त्याच जागी. दुसरी जागाच कुठं आहे म्हणा. तू तेव्हा पुण्याहून निघाला होतास. विंझरला फोन शेजारच्या ज्ञानूने केला. पलीकडून वन्सं काय म्हणाल्या, ते तुला कुणी सांगितलं नसेल. म्हणाल्या, आता कुठला शिनेमा काढलाय रं? एकदा रडलीय म्या, आता फुकाट न्हाई रडायची. आणि फोन ठेवून दिला. परत लावला तर उचललाच नाही. शेवटी माणूस धाडला, पण त्या पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. भावाचं तोंड बघायला मिळालं नाही. राखेपाशी बसून राहिल्या, डोळ्यात एक टिपूस नाही.

माझंही तसंच झालं, गोरख. मला रडूच येईना. बाया म्हणत होत्या, रड गं बाई, मोकळी हो. माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? काचा उचलल्या पाहिजेत, आईंच्या पायात जातील. ह्यांच्याकडे बघत होते तर वाटत होतं, रंग कुठाय? मग आठवलं, ह्या वेळी रंग नाही. आलेल्या-गेलेल्यांना चहा केला, दहावं झालं, तेरावं झालं. तू तेराव्याला उठून गेलास तो आलाच नाहीस. लोक म्हणतात, धनाजीची बायको दगडाची आहे. असेनही.

तू सिनेमा काढून टाकायच्या आधी मी तो बघितला. ज्ञानूच्या मोबाईलवर, भर दुपारी, पडवीत बसून. हडळ कुऱ्हाड घालते, रक्ताची चिळकांडी उडते, हे पडतात आणि डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत राहतात. काम झकास केलंय, पापणीसुद्धा लवत नाही. पुन्हा लावला, पुन्हा बघितला. काहीच झालं नाही मला. भीती नाही, दुःख नाही. ज्ञानूच उठून बाहेर गेला.

तू ह्यांना मारलेलं नाहीस. हे मी आईंच्या तोंडावरही सांगणार आहे, आणि तू आलास तर वन्संकडे आपण मिळून जाऊ. सिनेमा पुसायचा असेल तर खुशाल पूस, मला त्याचं काही नाही. पण मी लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. त्या शूटिंगच्या दिवशी तू सारखा ओरडत होतास, दादा, हलू नको! पाकाला मुंग्या लागल्या होत्या आणि एक ह्यांच्या कानात शिरली. पोटात कुऱ्हाड तशीच, आणि हे ताडकन उठून नाचायला लागले. मग एकदा शिंकले. एकदा मरून पडल्या पडल्याच मला हाक मारली, सुले, म्हैस सुटली बघ! तू डोक्याला हात लावून म्हणालास, हे सगळं वाया गेलं, पण मशीनमध्ये राहतंय. ते अजून असेल ना रे? ते पुसू नकोस, तुझ्या पाया पडते हवं तर, पण पुसू नकोस. हे मेलेले मला दोनदा बघून झाले, तिसऱ्यांदा नको. जिथं जिथं ह्यांना मरायला जमलं नाही, तेवढं मला पाठव.

तुझीच,
सुलक्षणावहिनी