आडवा चार, वास अयोग्य

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
जसे घडले तसे:
१. ‘खाडीकाठ’ साप्ताहिकाच्या कालच्या अंकात गूढ शब्दकोड्याची मी लिहिलेली उकल छापून आली.
२. आडवा चारचा क्लू होता: ‘चांगला कट, पण वास लपत नाही (३)’.
३. मी उत्तर दिले: सुगंध.
४. काल संध्याकाळपर्यंत संपादक उमेशदादांच्या मोबाईलवर, छापलेली उकल चुकली असे सांगत, अडतीस वाचकांची उत्तरे आली. अडतीसही जण म्हणतात: सुकट.
५. कारण एकानेही दिले नाही.
६. सबब माझे उत्तर कायम.

दुपारी १.१५, लॅब
गूढ कोड्याच्या क्लूमध्ये दोन गोष्टी असतात. उत्तराचा अर्थ, आणि ते अक्षराअक्षराने जुळवायची युक्ती. ‘सडा उलटा मारला की चावतो (२)’, उत्तर डास. ‘सडा’ची अक्षरे उलटी. याला पुरावा म्हणतात. तालुक्यात ही पद्धत शास्त्रशुद्ध येणारी मी एकटी.
पाणी तपासणीच्या फॉर्मवर वासाला दोनच पर्याय आहेत: योग्य, अयोग्य. चांगला वास म्हणजे योग्य वास, म्हणजे सुगंध. ‘कट’ हा शब्द भरीचा.
सुकट ही बाजारात टोपलीत असते. छापील चौकटीत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
उमेशदादांनी बोलावले. झरीचे रामू गुरुजी एकोणीस वर्षे हे कोडे रचतात. आता नजर साथ देत नाही. जानेवारीपासून कोडे कोणी रचायचे ते याच महिन्यात ठरणार. उकल लिहिते तीच रचणार, हे उघड आहे. अजून तसे कोणी म्हणालेले नाही.
मग त्यांनी उभा पाच काढला. तो आडवा चारच्या दुसऱ्या घरातून खाली उतरतो. क्लू: ‘टपाल उलटे आले, डोंगराचे टोक झाले (२)’. मी आधी पेन्सिलीने ‘कडा’ लिहिले होते. डाक उलटी, कडा. पण मग दुसऱ्या घरात ‘क’ येतो आणि सुगंध बसत नाही. म्हणून छापायला देताना ‘गंडा’ केले. स्पष्टीकरणही दिले होते: टपाल उलटे येणे म्हणजे गिऱ्हाइकाला गंडाच.
उमेशदादांनी विचारले, डोंगर कुठे गेला. म्हटले, डोंगर हा तपशील आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
अडतीसपैकी सव्वीस उत्तरे एकाच मोबाईलवरून आली आहेत. धाकटी डहाणू, जयवंती नावाच्या बाईंचे मासळी वाळवायचे अंगण. फोन त्यांची सून निलम हिचा. सव्वीस नावे, एक उत्तर. कॉपी. किळस आली.
गुरुजींना फोन केला. आपण उत्तरे कोणालाच देत नाही, म्हणाले. कोडे रचायचे असेल तर ते सोडवणाऱ्यांना बघून ये, असेही म्हणाले. रविवारी इन्स्पेक्शन करायचे ठरवले.

रविवार, ९ नोव्हेंबर. सायंकाळी ६
धाकटी डहाणू, ८.३० ते ११. पूर्ण वेळ नाकाला रुमाल. वास: अयोग्य.
कॉपी आढळली नाही. त्यांची पद्धत अशी. सकाळी बोंबील बांबूंवर टांगताना निलम एक क्लू मोठ्याने वाचते. सगळ्या बायका बांबूंच्या अलीकडे. जिला उत्तर सापडते ती गुपचूप पलीकडे जाऊन काम करते. बोलायचे नाही. फोडून सांगितले तर दुसरीचा दिवस वाया जातो, असे त्या मानतात. संध्याकाळी निलम एकेकीच्या कानाशी जाऊन उत्तर घेते. पेपरला उत्तरच पाठवतात, कारण नाही.
आडवा चारची उकल छापून झाली आहे म्हणून सांगायला हरकत नाही, असे जयवंतीबाईंनी ठरवले. हातातले काम न थांबवता म्हणाल्या, “चांगल्याला शाळेत काय शिकवला, बाय? सु. कट तर तुला आयता छापून दिलाय. जोड दोन्ही. न् वास कसला, ते तुझ्या रुमालाला विचार.”
भिकी नावाच्या आजींनी निलमला विचारले की ही कोण. पाणी तपासते, असे कळल्यावर म्हणाल्या, “मग बरोबर. पाण्याला कुठे वास असतो.”
या हसण्याची नोंद अनावश्यक.
उत्तर त्यांना योगायोगाने सापडले असावे, म्हणून आजच्या अंकातला आडवा नऊ वाचायला लावला: ‘शेजारी ‘आ’ वासला, कोळंबीहून लहान (३)’. चार मिनिटांत भिकी आजी पलीकडे. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. १०.५० ला शेवटची बाई गेली. मग निलमही गेली. अलीकडे मी एकटी. निरीक्षकाने तटस्थ बाजूलाच उभे राहावे.
निघताना त्यांनी ताजे बोंबील देऊ केले. नाकारले. केसांचा वास दोन धुण्यांत गेला नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
उमेशदादांचा निर्णय. जानेवारीपासून कोडे जयवंतीबाईंच्या अंगणात रचले जाईल. निलम लिहून घेईल. गुरुजींनी फोनवर लगेच होकार दिला. गुरुजी खूश होते, हे मला सांगायची गरज नव्हती.
सुगंध आणि गंडा यांची दुरुस्ती पहिल्या पानावर, चौकटीत.
उकल माझ्याकडेच राहू शकते. अट एक: छापण्याआधी अंगणातून तपासून आणायची. म्हणजे सदर माझे, पडताळणी त्यांची. लॅबमध्येही दुसरी सही लागते. सन्मानजनक आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. रात्री ८
आडवा नऊचे उत्तर निलमने पेपरला पाठवले: जवळा. सव्वीस नावे.
माझे प्रयत्न: ‘ज’ म्हणजे जल, पुढे ‘वळा’. नाही. उलटे, ‘ळावज’. नाही. क्लू सदोष असल्याची टीप लिहिली. उमेशदादांनी ती वाचून परत दिली.
निलमला पाठवलेला मेसेज, नोंदीसाठी:

‘जयवंतीमावशींना वाचून दाखवणे. आडवा नऊचे उत्तर माझ्याकडे आहे. कारण नाही. अंक शुक्रवारी छापायला जातो. कृपया कारण गुरुवार, १३ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत कळवावे. फोनवर जमत नसेल तर मी तिथे येऊन उभी राहीन. क्रांती.’