लेट म्हणजे उशीर नाही

अण्णा, तुम्हाला पॅडेल माहीत असायचं काही कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा नाशकात या खेळाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. आता इंदिरानगरात आमच्या घराजवळच काचेच्या भिंतींचं कोर्ट झालंय, आणि रिटायर झाल्यापासून दर रविवारी मी तिथे खुर्चीवर बसून स्कोअर सांगतो. शेवटी तुमच्याच खुर्चीवर आलो म्हणा. मोजणी तुमच्या टेनिसचीच आहे. पंधरा, तीस, चाळीस, मग गेम. सर्व्हिस करणाऱ्याचे पॉइंट आधी बोलायचे. सहा गेमचा सेट, सहा-सहा झाले की टायब्रेक. बॉल टप्पा घेऊन काचेला लागला तरी खेळ चालू राहतो, सर्व्हिस कमरेखालून करायची, आणि दोन्हीकडे दोघं दोघं. एक गोष्ट मात्र तुम्हाला अजिबात आवडली नसती. आमच्याकडे सलग दोन पॉइंटांचा ड्यूस खेळत नाहीत. चाळीस-चाळीस झाले की एकच पॉइंट, त्याला गोल्डन पॉइंट म्हणतात. सर्व्हिस कुठल्या बाजूला घ्यायची ते समोरची जोडी ठरवते, आणि तो पॉइंट गेला की गेम गेला. तुम्ही म्हणायचात, माणसाला सावरायला दोन पॉइंट तरी पाहिजेत.

गेल्या रविवारी चाळीस-तीस झालेले असताना मी तीस-पंधरा सांगितलं. पोरं हसली. पुढच्या गेमला कोण सर्व्हिस करतंय तेच मला आठवेना. तेव्हा कुणी हसलं नाही. एकजण हळूच म्हणाला, "काका, पाणी देऊ का?" मुलगी मला न्यायला आली होती, तिने जाळीबाहेरून सगळं पाहिलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, या रविवारी फायनल आहे. तुम्ही नका बसू ना. चारचौघांत कशाला उगाच?" मंगळवारी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. त्र्याण्णव म्हणालो, शहाऐंशी म्हणालो, आणि पुढे तोंडातून निघालं चाळीस. डॉक्टरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मी घाबरलोय अण्णा, सरळ लिहितो. रोज सकाळी दात घासताना पंधरा-तीस-चाळीस म्हणून बघतो. काल चाळीसच्या पुढे काय येतं तेच आठवेना, ब्रश तोंडात धरून तसाच उभा राहिलो.

म्हणून माझी ती टेनिसची फायनल आठवते. ओझरच्या विमान कारखान्याच्या कॉलनीतलं ते सिमेंटचं कोर्ट, मी अठरा वर्षांचा, आणि खुर्चीवर तुम्ही. विमानाच्या पत्र्यावरून बोट फिरवून कुठला रिव्हेट वर राहिलाय ते तुम्ही डोळे मिटून सांगायचात. तेच बोट तुम्ही मॅचच्या वेळी जाळीच्या तारेवर ठेवायचात. सर्व्हिसचा बॉल नुसता घासून गेला तरी तुम्हाला कळायचं. तुम्ही "लेट" म्हणालात की कॉलनीतल्या बाया विचारायच्या, कोणाला उशीर झाला? लहानपणी मीही तेच विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "लेट म्हंजी उशीर नाय रे. लेट म्हंजी परत. झालं ते झालंच नाय असं समजायचं."

तीस-चाळीस झालेत. सर्व्हिस समोरच्या पोराची, मॅच पॉइंट माझा. तो सर्व्हिस करतो, बॉल आत पडतो, मी असा मारतो की तो जागचा हलतही नाही. मी रॅकेट वर उडवतो, टाळ्या सुरू होतात, आणि तुम्ही म्हणता, "लेट. तारेला लागला." मी विचारतो, कसला लेट. तुम्ही शांतपणे म्हणता, "बोटाला कळलं माझ्या. परत खेळा." मग मी सगळ्यांसमोर बोललो, "अण्णा, तुमचं वय झालंय आता. चारचौघांत हसं करून घेऊ नका. उतरा खाली." तुम्ही भांडला नाहीत. एकदा आपल्या बोटाकडे पाहिलंत आणि उतरलात. स्पर्धा भरवणाऱ्यांनी पॉइंट मला दिला. कप अजून शोकेसमध्ये आहे.

त्या खुर्चीवर तुम्ही पुन्हा कधी बसला नाहीत. दोन दिवसांनी आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर बसून अंगठ्याने ते बोट चोळत होतात. मला विचारलंत, "बोटाला कळंना झालं का रे माझ्या?" मी जेवता जेवता म्हणालो, "असेल." त्यानंतर तुम्ही गॅस बंद केला का, कडी लावली का, ते दहादा जाऊन बघायला लागलात. कारखान्यातही एकच पत्रा दोनदा तपासायचात म्हणे. तुमचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतं, अण्णा. तुमचा फक्त त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. माझं तर खरोखरच चाललंय. करावं तसं भरावं म्हणतात, पण इतकं मोजून मापून परत येईल असं वाटलं नव्हतं.

गोल्डन पॉइंटलाही लेट असतो, हे तुम्हाला सांगायचं होतं. जाळीला लागून बॉल चौकोनात पडला की सर्व्हिस परत. तेवढी एक दया त्यांनी ठेवलीय. मला ती एकदाच हवी होती, तुम्हाला उतरा म्हणालो त्या दिवसापुरती.

एवढं लिहून कागद ड्रॉवरमध्ये ठेवायला गेलो, तर तिथे आधीची दोन पत्रं निघाली. अक्षर माझंच, सुरुवात हीच, अण्णा, तुम्हाला पॅडेल माहीत असायचं काही कारण नाही. कधी लिहिली ते आठवत नाही. दोन्ही वाचली. दोन्हींच्या शेवटी मी लिहिलंय की अण्णा, बॉल तारेला लागलेला मला खरंच दिसला नव्हता.

हे तिसरंही त्यांच्यावरच ठेवतोय. पण यात तरी खरं लिहितो, उद्या आठवेल न आठवेल. मला दिसला होता. तुम्ही लेट म्हणायच्या आधीच मी जाळी हललेली पाहिली होती.