तोंड भिंतीकडे

शनि. ४ ऑक्टो.
दिवाळीची साफसफाई. माळ्यावरून जुना सीपीयू काढला. मीनल म्हणाली, "भंगारात." म्हटलं, बायको गेली तरी चालेल, हा नाही. (मनात म्हटलं.)
आत आमची 'ड्युएल' आहे, पत्त्यांचा कॉम्प्युटर गेम. ताई आणि मी, माझी दहावी, तिची बारावी. पत्ते लावायचे, राक्षस सोडायचे. कॉम्प्युटर एकच, म्हणून नियम: एकाची चाल असताना दुसऱ्याचं तोंड भिंतीकडे. शेवटचा डाव मी मारला. हरणाऱ्याने जन्मभर 'उस्ताद' म्हणायचं, ही पैज. ताई अजून पाळते. माझ्या लग्नात तर माइकवर म्हणाली.

सोम. ६
वागळे इस्टेटला ऑफिसशेजारच्या रिपेअरवाल्याकडे दिला. तो म्हणतो, "साहेब, दसऱ्याला आणायचा ना, पूजा तरी केली असती."

शनि. ११
चालू झाला!! स्क्रीनवर स्कोअर तसाच, १३–१२. डोळ्यांत पाणी आलं, खरंच. फोटो ताईला पाठवला. गाढव मी. लगेच कळव्याहून फोन: "उस्ताद, भाऊबीजेला रीमॅच. ओवाळणी नको, पदवी दे."
आता लिहूनच टाकतो. भिंतीला शोकेस होतं. काचेत अख्खा मॉनिटर दिसायचा. तेराच्या तेरा डाव तसेच मारले. शेवटच्या डावात ताईच्या हातात 'तळमजल्याच्या काकू' होत्या (सगळ्यात डेंजर चेटकीण, नाव आमचं). खेळलीच नाही. म्हटलं, विसरली, येडी.

मंगळ. १४
प्रॅक्टिस. सोप्या लेव्हललाही कॉम्प्युटरने मला तीनदा धुतलं. शोकेस टीव्ही युनिट घेताना विकलेलं. मीनलचा हातआरसा घेऊन भिंतीकडे बसून बघितलं. मीनल: "दाढ दुखतेय का?"
ताईला सांगून टाकावं? लाज वाटते. पण 'उस्ताद'ची सवयही लागलीय. ऑफिसात तर कोणी धड अहो-जाहोपण करत नाही.

गुरु. २३, भाऊबीज
ओवाळून झालं. माझी करंजी तोंडातच, ताई कॉम्प्युटरसमोर. मागे वळून भिंत बघितली.
"शोकेस कुठाय रे?"
"विकलं. का?"
"मग तुझे पत्ते मला दिसणार कसे?"
करंजी घशात. मीनलने पाठीत धपाटे घातले, जरा जास्तच.
"तुला दिसायचे? मग हरलीस कशी?"
"गणितात आपटलेलास. दोन दिवस जेवला नव्हतास. म्हटलं, जिंकू दे कुठेतरी बिचाऱ्याला."
काकू. विसरली नव्हती.
मीनल हसून हसून सोफ्यावर आडवी. माझ्या काचेचं सांगायचं राहिलंच.
"आता दयामाया नाही हां. फिर तिकडे."
फिरलो. समोर कोरी भिंत. मागे ताई पत्ते लावतेय, गुणगुणतेय. वळून सांगावं, तर म्हणेल रडीचा डाव.