दाताला थँक्यू म्हणण्याविषयी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? तिकडची थंडी सोसते ना, पाठ दुखायची थांबली का, आणि प्रशिक्षणात शिकवणारे तुझ्यापेक्षा लहान आहेत म्हणून तू त्यांना दटावत तर नाहीस ना? इकडे आम्ही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी, तुझी भिंगरी आणि दवाखान्यातल्या मावशी. (भाओजींचा बोटीवरून फोन आला होता. तेही खुशाल असावेत. अर्धंअधिक वाराच बोलला.) दवाखाना मात्र तितकासा खुशाल नाही, आणि त्याचं मूळ तू निघताना टॅक्सीच्या खिडकीतून दिलेल्या सूचनांत आहे.

तू म्हणालीस, भिंगरीला रोज थोडा वेळ डोळे मिटून शांत बसव, आजूबाजूचे आवाज ऐकू दे, घासाची नीट चव घेऊ दे आणि निजताना दिवसभरात ज्यांनी तिच्यासाठी काही केलं त्यांना आठवून थँक्यू म्हणू दे. मी हो म्हटलं. (तू टॅक्सीत बसलेली असताना तुला कुणी नाही म्हणू शकत नाही. एरवीही नाही.) सुरुवातीला ते अगदी सुरळीत चाललं. ती डोळे मिटून बसायची, मी शेजारी बसून तिच्यावर लक्ष ठेवायचो, आणि डोळे उघडल्यावर ती सांगायची की आज पंखा ऐकला, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढलेली ऐकली आणि मामाचं घोरणं ऐकलं.

मग शाळेला सुट्टी लागली आणि ती माझ्याबरोबर दवाखान्यात येऊ लागली. दातांच्या दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसं कशी असतात, तुला ठाऊकच आहे. गालावर हात, नजर दाराकडे, पाय हलतायत. भिंगरीने त्यांना नीट न्याहाळलं आणि या लोकांची मनं स्थिर नाहीत असं ठरवलं. (निदान अचूक होतं, हे मी डॉक्टर म्हणून मान्य करतो.) तिने सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, आता अगदी जवळचा आवाज ऐका. जवळचा आवाज माझ्या मशीनचा होता. आत मी एका शिंप्याची दाढ कोरत होतो. बाहेर सगळ्यांनी तो आवाज मनापासून ऐकला, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या एकाग्रतेने. मी दार उघडलं तेव्हा बाकावर एक आजोबा तेवढे उरले होते, तेही प्रसन्न चेहऱ्याने. त्यांना ऐकू येत नाही.

मी तिला जवळ घेऊन समजावलं की आवाजाचं राहू दे, दुसरं काहीतरी कर. ‘दुसरं काहीतरी’ हे शब्द माणसाने फार जपून वापरावेत.

दुसऱ्या दिवशी बँडमधले काका आले. ते क्लॅरिनेट वाजवतात, आणि त्यांचा पुढचा दात काढायचा होता. वाद्याचं तोंड जन्मभर याच दातावर टेकत आलेलं. इंजेक्शन देऊन मी पक्कड हातात घेतली, तोच भिंगरी दारातून डोकावली आणि त्यांना म्हणाली, “त्याला थँक्यू म्हटलंत का?”

मी रागावणार होतो. पण काकांनी हात वर करून मला थांबवलं. दातावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि बधिर ओठांनी ‘फँक्यू’ म्हणाले. बोट दातावरून काढलं नाही. मावशींनी उगाचच कापसाचा डबा उघडून बंद केला. मीही पक्कड पुसत राहिलो. (ती स्वच्छच होती.) दात मात्र इतक्या अलगद सुटला की मलाच नवल वाटलं.

आता जे सांगतो ते शांतपणे वाच. रोज निजताना भिंगरी सगळ्यांना थँक्यू म्हणते. दूधवाल्याला, मावशींना, लिफ्टला, काकांच्या त्या दातालासुद्धा. तुझं नाव कधीच घेत नाही. मला वाटलं, तू गेलीस म्हणून रुसली आहे. एकदा मी हळूच विचारलं, “आणि आई?” तर भिंतीकडे तोंड करून झोपली.

परवा दुपारी दवाखाना रिकामा होता. मी तिला पेशंटच्या खुर्चीत बसवून खुर्ची वर-खाली करत होतो, तेव्हा तीच आपण होऊन म्हणाली, “तुझ्याकडे सगळे थँक्यू डॉक्टर म्हणतात आणि जातात. काकांनी दाताला म्हटलं, मग दात गेला. मी आईला नाही म्हणणार.”

ताई, लोकांच्या तोंडात आरसा घालून मी बारीकसारीक दुखणी शोधतो. हे दुखणं रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतं.

मी म्हटलं, “अगं, काका थँक्यू म्हणून गेले, पण तपासायला परत आलेच ना?”

“दात नाही आला.”

“मोठ्यांचा येत नाही. लहान मुलांचा येतो.”

“तोच?”

“नाही, नवा. जास्त मजबूत.”

“मला तोच पाहिजे,” ती म्हणाली.

मी खुर्ची खाली आणली आणि तिला कडेवर घेतलं. बऱ्याच वाटाघाटींनंतर असं ठरलं की तुझं थँक्यू ती साठवून ठेवणार आणि तू घरात पाऊल टाकलंस, बॅग खाली ठेवलीस, चप्पल काढलीस, की मग देणार. (चप्पल काढण्याची अट तिचीच. चप्पल काढलेलं माणूस लगेच जात नाही.) तेव्हापासून निजताना सगळ्यांची नावं घेऊन झाली की ती म्हणते, “आईचं राहू दे.” आणि शांत झोपते.

तेव्हा इकडची काळजी करू नकोस. प्रशिक्षण नीट पूर्ण कर, सावकाश ये.

तुझा धाकटा

ता. क. सावकाश म्हणजे फार सावकाश नको. तुझ्या साहेबांना विचारून थोडं आधी सुटता येतं का पाहा. भिंगरीचा खालचा पुढचा दात हलू लागला आहे. तो पडताना तू समोर हवीस असा तिचा हट्ट आहे, म्हणून ती एका बाजूने जेवते आणि हसताना ओठ मिटून घेते.

पुन्हा ता. क. दात अजून घट्ट आहे, असं मी तिला रोज तपासून सांगतो. तो घट्ट नाही. लवकर ये.