तांब्याची रेघ

४ जानेवारी

घर मिळालं. खरं म्हणजे जुनं गोदाम. पुढे एक लांब खोली, मागे स्वयंपाकाची जागा आणि तिथे गजांची एकुलती एक खिडकी. दार नाही. दाराच्या जागी राखाडी लोखंडी शटर, मोटरवर चालणारं. मोटरचा बोर्ड जळलाय, तूर्त साखळी ओढून वरखाली करा, असं घरमालक ओशाळून म्हणाले. मी मनातल्या मनात हात चोळले.

ही आणि छोटी जागा बघायला आल्या होत्या. शटर गुडघाभर वर गेलं न गेलं तोच छोटी वाकून आत. तिला पूर्ण उघडेपर्यंत दम म्हणून धरवत नाही. हिने शटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि छोटीला सांगितलं, झालं, आता तुझे बाबा जेवायलासुद्धा यायचे नाहीत. मोडकं काही दिसलं की यांचे हात शिवशिवतात.

दोघी पुढच्या रविवारी कायमच्या येतील. तोवर घर लावायचं.

६ जानेवारी

भांडी अजून खोक्यात आहेत. बोर्ड मात्र टेबलावर आहे.

तळहाताएवढा. एक कपॅसिटर डोक्यावर फुगलेला, रिलेच्या पायांशी काजळी. जुन्या टूथब्रशला स्पिरिट लावून घासलं. काजळीखाली तांब्याची एक रेघ तुटलेली निघाली. जळून तुटलेली नाही. कडा स्वच्छ आहेत, पात्याने खरवडल्यासारख्या. आणि त्याच जागी सोल्डरचे जुने थर. कुणी सांधलं, कुणी कापलं, पुन्हा सांधलं. सगळं एका हातचं नाही. एकाचं काम ढोबळ, दुसऱ्याचं घड्याळजीसारखं नाजूक. घरोघरी हौशी मेकॅनिक, दुसरं काय.

७ जानेवारी

कपॅसिटर बदलला. तुटक्या रेघेवर बारीक तार टाकली. मी डावखुरा, त्यामुळे तारेचं टोक नेहमी डावीकडे वळवून दाबतो. माझा सांधा मला हजारांत ओळखू येईल.

रिमोट दाबला. हिरवा दिवा लागला आणि शटर लोण्यासारखं वर गेलं. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. दुसरा रिमोट हिला नेऊन दिला. तो लगेच छोटीने पळवला.

८ जानेवारी

समोरच्या शिंप्याशी ओळख झाली. आधीचा भाडेकरू खरंच घड्याळजी होता म्हणे. मला गंमत वाटली. तो कुठे गेला विचारलं, तर शिंपी म्हणाला, आत जाताना पाहिला होता, बाहेर येताना नाही. मग स्वतःच हसला आणि म्हणाला, मी काय तुमच्या दारावर डोळे लावून बसतो होय? मला कापडं शिवायची असतात.

९ जानेवारी

शटर खाली टेकलं, तरी मोटर थांबली नाही. पट्ट्या उंबऱ्याच्या फटीत उतरत राहिल्या. एवढ्या पट्ट्या वरच्या गुंडाळीत मावल्याच कशा? टेकल्यावर थांबवणारा स्विच अडकला असेल. उद्या बघतो.

१० जानेवारी

उठलो तर स्वयंपाकघरात अंधार. खिडकीबाहेर राखाडी पट्ट्या. तोच रंग, तेच पोपडे. गजांतून हात घालून लावला. पट्ट्या थंड होत्या आणि वर सरकत होत्या.

पुढून खाली उतरल्या, जमिनीखालून गेल्या, मागून वर आल्या.

फोनला रेंज नाही. साखळी नुसती गरगर फिरते. हाका मारल्या. आवाज लोखंडाला लागून परत येतो. मेन स्विच पाडला. मोटर चालूच. उजेड तरी असावा म्हणून मेन पुन्हा चढवला.

दुपारी छताच्या वीतभर झरोक्यावरून पुढे येऊन पट्ट्या वरच्या गुंडाळीला भेटल्या. वेढा पूर्ण झाला. मग घर आवळायला लागलं. भिंतीचं प्लास्टर तडकलं. कपाटाचं दार आता उघडत नाही.

मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली, उलटी फिरावी म्हणून. पुढचं शटर उचललं गेलं. रस्ता दिसला, शिंप्याचे पाय दिसले. मी धावलो. पोचेपर्यंत उंबऱ्यातून पट्ट्या वर येऊन फट बुजली होती. फट आत शिरण्यापुरती होती, बाहेर पडण्यापुरती नव्हती.

शेवटी तार कापली. रेघ खरवडली. थांबलं.

घड्याळजीने हेच केलं असणार.

११ जानेवारी

सकाळी घर पुन्हा करकरत होतं. हिरवा दिवा. रेघ सांधलेली.

टोक डावीकडे वळवून दाबलेलं.

मी झोपलो होतो. मी झोपलोच होतो ना? बोटांना सोल्डरचा वास येतोय.

कापली. पलंग भिंतीत दबलाय. उद्या रविवार. छोटी बटण दाबणार. फट पडणार. ती थांबायची नाही, ती कधीच थांबत नाही—

रेघ तुटलेली राहिली तर बटण दाबूनही काही व्हायचं नाही. ही वैतागेल, मला शिव्या घालेल, तिला घेऊन परत जाईल. जाऊ दे. जाऊ दे परत.

झोपायचं नाही.

१२ जानेवारी

जागा आहे. डावा हात कमरेच्या पट्ट्याने खुर्चीला बांधलाय. उजव्याने लिहितोय, म्हणून अक्षर असं.

बोर्ड समोर आहे. तुटलेला. नजर तिथेच जाते. काम तसं चिमूटभर आहे. एक तार, एक डाग—

नाही.

—

पट्टा जमिनीवर पडलाय. कधी सुटला?

बाहेर टेम्पो थांबला. हिचा आवाज. अहो, झोपलात की काय, म्हणतेय. मी ओरडतोय. तिला ऐकू जात नाही. छोटी म्हणतेय, मी दाबणार, मला दाबू दे—

अक्षर सरळ येतंय. मी डाव्या हाताने लिहितोय.

दिवा हिरवा. सांधा अजून गरम आहे. पातं कुठंय— पातं—

मोटर.

खालून उजेड येतोय. तिच्या लाल चपला. गुडघे. ती वाक